तोरघर: शिकारीच्या फीवर वाढलेले मारखोर

बलुचिस्तानच्या उत्तरेला, अफगाण सरहद्दीच्या अलीकडे, तोबा काकड रांगेत तोरघरचे डोंगर आहेत. जिल्हा किल्ला सैफुल्ला. पाऊस तुटपुंजा, झाडोरा विरळ, उघडे कातळ आणि मध्ये मध्ये जुनिपर आणि रानपिस्त्याची झाडं. वस्ती काकड पठाणांची, आणि शेळ्यामेंढ्या हेच त्यांचं धन. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला या डोंगरांतले मारखोर, म्हणजे पिळदार शिंगांच्या मोठ्या रानशेळ्या, संपल्यातच जमा होते. जेमतेम शंभर, कदाचित त्याहूनही कमी, असा त्या वेळचा अंदाज होता. २०११ मध्ये हाच अंदाज साडेतीन हजारांच्या आसपास गेला. या सगळ्या काळात तिथे मारखोरांची शिकारही होत होती. परवाना काढून, मोठी रक्कम मोजून परदेशी शिकारी येत आणि स्थानिक वाटाडे त्यांना कड्यांवर घेऊन जात.

शिंगांसाठी जनावर मारण्यातला आनंद मला कधी कळला नाही आणि हे लिहितानाही कळत नाही. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर वाढलेल्या पिढ्यांना बंदी म्हणजेच रक्षण असं वाटणं साहजिक आहे. माझी भावना तीच आहे. तरीही तोरघरचं प्रकरण बाजूला सारता येत नाही. तिथे नेमकं काय झालं हे नीट पाहिलं तर शिकारीच्या बाजूचे आणि विरोधातले, दोघांचेही नेहमीचे युक्तिवाद अपुरे पडतात.

मारखोर हे रानशेळ्यांच्या कुळातलं सगळ्यात भारदस्त जनावर. पूर्ण वाढलेला नर शंभर किलोच्या घरात जातो, गळ्यापासून छातीपर्यंत लांब केसांची झालर लोंबत असते. गिलगिट किंवा काश्मीरकडच्या मारखोराची शिंगं बाहेर फाकत, रुंद वेटोळे घेत जातात. सुलेमान रांगांकडच्या, म्हणजे तोरघरच्या उपजातीची शिंगं सरळ वर जातात आणि स्वतःभोवती स्क्रूसारखी पिळत जातात. पाकिस्तानचा हा राष्ट्रीय प्राणी. अमेरिकेच्या धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत सरळ शिंगांचा मारखोर १९७६ मध्येच आला होता. वन्य प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स करारानं १९९२ मध्ये संपूर्ण मारखोर प्रजातीला सर्वांत कडक यादीत, पहिल्या परिशिष्टात घातलं. पण क्वेट्टाच्या पलीकडच्या कड्यावर बंदूक घेऊन बसलेल्या माणसाला वॉशिंग्टनच्या यादीशी काय देणंघेणं?

कळप का संपले

काकड लोक पूर्वापार शिकार करत आलेच होते. जुन्या बंदुकांच्या जमान्यात एक बार उडाला की पुढचा भरेपर्यंत कळप धारेपलीकडे गेलेला असे. १९७९ च्या डिसेंबरात सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात उतरल्या आणि पुढची दहा वर्षं सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना हत्यारांचा महापूर आला. कलाश्निकोव्ह घरोघरी पोहोचली, काडतुसं स्वस्त झाली. माणसांची हौस आणि भूक पूर्वीइतकीच होती, बदललं ते हत्यार. शिवाय मोसमाप्रमाणे कळप घेऊन येणारे-जाणारे भटके मेंढपाळ होतेच. त्यांना या डोंगराचं पुढे काय होतं याची चिंता असण्याचं कारण नव्हतं.

ही अवस्था पाहून तिथले टोळीप्रमुख नवाब तैमूर शाह जोगेझई अस्वस्थ झाले. त्या मुलखात सरकारी वनरक्षकाचा शब्द चालत नव्हता, नवाबाचा चालत होता. जोगेझई कुटुंबानं आणि त्यांचे सहकारी नसीर तरीन यांनी १९८४-८५ च्या सुमारास अमेरिकेच्या मत्स्य व वन्यजीव सेवेतल्या जीवशास्त्रज्ञांशी सल्लामसलत केली. त्यातून एक साधी योजना निघाली. टोळीतल्या सगळ्यांनी शिकार थांबवायची. त्यांच्यातलेच काही जण पगारी राखणदार म्हणून नेमायचे. पगाराचा पैसा उभा करण्यासाठी वर्षाला मोजून एक-दोन म्हातारे नर परदेशी शिकाऱ्यांना विकायचे. सुरुवात सात राखणदारांनी झाली. पुढे हा आकडा साठीच्या वर गेला. १९९४ मध्ये 'सोसायटी फॉर तोरघर एन्व्हायर्नमेंटल प्रोटेक्शन' या नावानं संस्थेची रीतसर नोंदणी झाली आणि शिकारीचा पैसा तिच्यामार्फत वापरला जाऊ लागला.

या प्रकरणाचं वर्णन पुष्कळदा 'शिकाऱ्यांच्या पैशानं मारखोर वाचवले' असं केलं जातं. मला ते अर्धवट वाटतं. आधी बंदी आली, फी नंतर. डोंगरावर ज्यांचा हक्क चालत होता त्यांनी स्वतःच्या माणसांच्या बंदुका खाली ठेवायला लावल्या, हा पहिला आणि सगळ्यात अवघड भाग. फीनं ती बंदी टिकवली, कारण बंदी पाळणाऱ्याच्या घरात त्यातून काहीतरी येत राहिलं. दोन्हींचा क्रम उलटा लावला तर तोरघर समजणार नाही, आणि दुसरीकडे नुसती फी नेऊन ठेवली तर तिथे तोरघर होणारही नाही.

राखणदार स्थानिक टोळ्यांतलेच असण्याचं आणखी एक कारण आहे, ते पठाणी मुलखातच समजतं. बाहेरच्या शिपायानं कुणाची बंदूक हिसकावली तर तो अपमान ठरतो, आणि अपमानाचा हिशोब पुढच्या पिढीपर्यंत चालतो. स्वतःच्याच खेलातल्या, म्हणजे उपटोळीतल्या, वडीलधाऱ्यानं, नवाबाच्या शब्दावर, 'इथे नको' म्हटलं तर ते ऐकून घेतलं जातं. म्हणून ज्या उपटोळीचा डोंगर, तिचेच राखणदार त्या डोंगरावर ठेवले गेले.

कड्यावरचा दिवस

शिकारी क्वेट्टामार्गे येतो. परदेशी माणसाला या भागात फिरायला ना-हरकत लागते, बंदूक आणि काडतुसांचे कागद लागतात, सोबत सुरक्षा दलाचे जवान असतात. पक्का रस्ता संपल्यावर कोरड्या नदीपात्रातून जीप जाते आणि पायथ्याशी तळ पडतो. मोसम हिवाळ्याचा. एरवी मोठे नर माद्यांपासून वेगळे, सगळ्यात अवघड कड्यांवर राहतात. नोव्हेंबर-डिसेंबरात माजावर आले की कळपाच्या आसपास उतरतात आणि नजरेस पडतात.

आपल्या जुन्या शिकारकथांत हाका असतो, मचाण असतं, सावज माणसाकडे हाकललं जातं. इथे त्यातलं काही नाही. पहाटे फटफटायच्या आत राखणदार समोरच्या धारेवर जाऊन बसतात आणि दुर्बिणीनं एकेक घळ, एकेक कपार विंचरून काढतात. मारखोर सकाळी आणि उतरत्या उन्हात चरतात, दुपारी कातळाच्या आडोशाला रवंथ करत बसतात. बसलेलं जनावर त्या राखाडी-पिवळ्या दगडात ओळखू येणं हे वर्षानुवर्षं तिथे जनावरं राखलेल्या माणसाचंच काम.

कळप सापडला की सगळा खेळ वाऱ्याचा. रात्रीची थंड हवा सकाळी उतारावरून खाली वाहत असते. ऊन चढलं की कातळ तापतो आणि हवा दरीतून वर येऊ लागते. सकाळीच खालून सरळ चढत जाणं दिसायला सोपं, पण ऊन चढताच वारा फिरतो आणि माणसाचा वास कळपाच्या नाकात जातो. एका कुबट झुळकीत दोन तासांची मेहनत वाया. म्हणून वाटाडे लांबचा वळसा घालून वरच्या धारेवर जातात आणि वारा फिरून वर येऊ लागेपर्यंत थांबतात. मग वरून, पावलाखालचा एकही दगड सुटणार नाही अशा बेतानं, हळूहळू खाली. पाय ठेवायला हातभर पट्टी, खाली दरी. पैसे मोजून आलेल्या माणसाची इथे सगळी मिजास उतरते. तो वाटाड्याच्या टाचेकडे बघत चालतो.

नेम धरायच्या आधीचा क्षण मला या सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मारखोराच्या शिंगाची वाढ हिवाळ्यात मंदावते आणि तिथे वळ पडतो. दर वर्षाचा एक वळ. म्होरक्या राखणदार मोठी दुर्बीण तिकाटण्यावर लावून ते वळ मोजतो. शिंगं लांब आहेत पण जनावर पाच-सहा वर्षांचंच आहे, तर तो मान हलवतो आणि बंदूक खाली जाते. शिकाऱ्याला मोजपट्टीवर भरतील अशी शिंगं हवी असतात. राखणदाराला ज्याचं वय उलटत आलं आहे असा नर हवा असतो. बहुधा सगळ्यात म्हाताऱ्या नराचीच शिंगं सगळ्यात लांब असतात, म्हणून दोघांचं जमतं. जिथे जमत नाही तिथे शब्द राखणदाराचा. निदान नियम तसा आहे, आणि हा नियम ज्या दिवशी बक्षिसीपुढे वाकेल त्या दिवशी योजनेचा पाया खचेल.

गोळी लागली की एक जण सुरी घेऊन आधी धावतो. मांस वस्तीत वाटलं जायचं असतं, त्यामुळे जनावरात धुगधुगी असेपर्यंत बिस्मिल्ला म्हणून ते हलाल व्हायला हवं. शिंगं आणि कातडं पाहुण्याचं, मांस डोंगरातल्या माणसांचं. पैसा संस्थेच्या खात्यात.

हिशोब आणि शंका

त्या पैशातून राखणदारांचे पगार निघाले. पाण्याच्या टाक्या आणि लहान बंधारे, शेताचे पाट, फळझाडांची रोपं, आजारपणात मदत अशी कामं झाली. तोरघरच्या सुरुवातीच्या काळातली फी आजच्या मानानं किरकोळ म्हणावी लागेल. गिलगिट-बाल्टिस्तानात २०१९ मध्ये एका मारखोराचा परवाना १ लाख १० हजार डॉलरला गेला, आणि २०२४ च्या अखेरीस चित्रालमध्ये एका परवान्याला २ लाख ७१ हजार डॉलर मिळाले. त्या भागांत परवान्याच्या रकमेतला ८० टक्के वाटा स्थानिक समाजाला आणि २० टक्के सरकारला जातो. किंमत एवढी चढण्याचं कारण परवाने फार थोडे आहेत. साइट्सच्या १९९७ च्या हरारे बैठकीत संपूर्ण पाकिस्तानला वर्षाला सहा मारखोर मंजूर झाले, २००२ मध्ये ते बारा झाले. बलुचिस्तान, खैबर-पख्तुनख्वा आणि गिलगिट-बाल्टिस्तानला प्रत्येकी चार. तोरघरात वर्षाला त्यातले एक-दोनच पडत. मारखोरांबरोबर तिथे उरियल या रानमेंढ्यांच्या मोजक्या शिकारीही दिल्या जातात आणि तेही वाढले आहेत.

आता आकडे. १९९४ च्या पाहणीत तोरघरात सातशेच्या आसपास मारखोर धरले गेले, २००५ मध्ये अडीच हजारांच्या वर, २०११ मध्ये सुमारे साडेतीन हजार. हे वाचताना सावध राहायला हवं. १९८० च्या दशकातला शंभरचा आकडा गणनेतून आलेला नाही, तो जाणत्या माणसांचा अंदाज आहे. पुढच्या पाहण्या वेगवेगळ्या लोकांनी केल्या, आणि डोंगरात प्रत्यक्ष दिसलेल्या जनावरांवरून पूर्ण क्षेत्राचा अंदाज बांधताना चूक दोन्ही बाजूंना होऊ शकते. कोणी म्हणेल, अफगाण युद्ध ओसरलं म्हणून जनावरं वाढली असतील. पण मग आजूबाजूच्या डोंगरांतही वाढायला हवी होती. सरळ शिंगांचे मारखोर तोरघरबाहेर आजही लहान लहान, तुटक टोळक्यांतच उरले आहेत. माझ्या मते सगळे आकडे निम्म्यावर आणले तरी तोरघरात झालेली वाढ नाकारता येत नाही.

दुसरी शंका अधिक खोल आहे. सगळ्यात मोठ्या शिंगांचे नर वर्षानुवर्षं मारत गेलं तर पुढच्या पिढ्यांत शिंगं लहान होतील का? कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात राम माउंटनवरच्या बिगहॉर्न मेंढ्यांबाबत नेमकं हेच दिसलं. तिथे तीस वर्षांच्या नोंदींवर आधारित, २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शिकारीच्या दबावामुळे नरांची शिंगं आणि वजनं घटल्याचं आढळलं. पण तिथे शिंगांनी ठरावीक माप गाठलं की नर मारायला मोकळीक होती, त्यामुळे वेगानं वाढणारे नर वयात येऊन पुरते वंश वाढवायच्या आतच मारले जात. तोरघरात हजारोंमागे एक-दोन, आणि तेही वयाची वळं मोजून. हा फरक मोठा आहे. कोटा वाढवण्याची मागणी दरवेळी होते, तेव्हा राम माउंटनची आठवण मात्र टेबलावर असायला हवी.

बाहेरच्या जगाचं या योजनेशी वागणंही समजून घेण्यासारखं आहे. शिकाऱ्यांचा सगळ्यात मोठा बाजार अमेरिकेत, पण सरळ शिंगांचा मारखोर तिथल्या कायद्यानं संकटग्रस्त ठरलेला, म्हणून शिंगं घरी नेणं महामुश्कील. तोरघरच्या संस्थेनं १९९९ मध्ये दर्जा बदलावा असा अर्ज केला. निर्णय आला ऑक्टोबर २०१४ मध्ये, तब्बल पंधरा वर्षांनी. तेव्हा उपजात एका पायरीनं खाली आणली गेली आणि मान्य संवर्धन योजनांतून आलेल्या शिंगांची वाट सोपी झाली. पुढच्या वर्षी निसर्ग संवर्धनाच्या आययूसीएन या आंतरराष्ट्रीय संघटनेनंही मारखोर प्रजातीला संकटग्रस्तमधून 'संकटाच्या जवळ' या वर्गात आणलं. दरम्यान ११ सप्टेंबर २००१ झालं, आणि किल्ला सैफुल्ला हे नाव ऐकूनच पाहुणे बिचकू लागले. एका दूरच्या बाजारावर अवलंबून राहण्याची ही किंमत आहे. राखणदाराचा पगार न्यू यॉर्कमधल्या घटनेनं अडू शकतो, आणि पगार अडल्यावर बंदूक किती दिवस खुंटीवर राहील हे कोण सांगणार?

आपल्या बाजूला

मारखोर भारतातही आहेत. काश्मीरमध्ये काजीनाग आणि हिरपोराच्या बाजूला, सगळे मिळून काही शेकडा. तिथे शिकारीला पूर्ण बंदी आहे आणि ती राहावी असंच मी म्हणेन. पण बंदीनं तिथले मारखोर तोरघरासारखे वाढलेले नाहीत, कारण त्यांचा त्रास वेगळा आहे. उन्हाळी कुरणांवर येणारे पाळीव कळप, पीर पंजालमधून गेलेला मुघल रोड, नियंत्रण रेषेवरचा तणाव. बकरवालाच्या, म्हणजे तिथल्या भटक्या मेंढपाळाच्या, शेळीनं आणि मारखोरानं एकच गवत खायचं असेल तर बकरवालाला त्या बोलण्यात आणल्याशिवाय मार्ग निघणार नाही.

तोरघरातून उचलायचं असेल ते हे: राखणाऱ्याच्या हातात अधिकार आणि मिळकत दोन्ही एकत्र असणं. त्यासाठी शिकारच हवी असं नाही. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखानं २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. जंगल तेच, बांबू तोच. पण तोडायचा किती आणि पैसा जाणार कुठे हे गाव ठरवू लागलं. ग्रामसभेत सर्वसहमती आणि तोरघरात नवाबाचा शब्द, हे दोन अगदी वेगळे मार्ग आहेत, आणि मला पहिला कितीतरी जवळचा वाटतो. नवाबाचं घराणं फिरलं, भाऊबंदकी झाली, की तोरघरात पुढे काय, याला उत्तर नाही. ग्रामसभेला ते भय कमी.

तोरघरापुढचा सगळ्यात तातडीचा प्रश्न मात्र शिकारीचा नाही, तो शेळ्यांचा आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस बलुचिस्तानात सलग दुष्काळ पडला आणि मेंढपाळांची जनावरं हजारोंनी मेली. पाऊस परतला की कळप पुन्हा वाढवायचे, कारण पुढच्या दुष्काळात किती मरतील याचा भरवसा नसतो. जास्त शेळ्या म्हणजे मारखोरांना कमी चारा आणि पाणवठ्यावर जवळीक. शेळ्यामेंढ्यांचा पीपीआर हा रोग रानशेळ्यांनाही होतो, आणि मारखोर शेवटी शेळीच्याच कुळातला. तोरघरचा अभ्यास केलेल्या पशुवैद्यकांनी आणि जीवशास्त्रज्ञांनी २००४ मध्येच सुचवलं होतं की पाळीव कळपांच्या आरोग्याची व्यवस्था ही मारखोरांच्या व्यवस्थेचाच भाग धरावी. मला हे पूर्ण पटतं. पुढच्या फीतला मोठा वाटा लसीकरणाला आणि स्थानिक पशुसेवकांच्या प्रशिक्षणाला जायला हवा. ज्या मेंढपाळाला आपली चाळीस जनावरं जगतील याची खात्री आहे, त्याला भीतीपोटी साठ राखावी लागत नाहीत.